ऑनलाइन स्व-मदत : उलगडा न झालेल्या शारीरिक तक्रारींसाठी

तपासण्यांत पुरेसे कारण सापडत नाही, पण दुखणे, थकवा, चक्कर, धडधड, पोटफुगी किंवा मुंग्या येणे थांबत नाही, अशा वेळी रुग्णाने मोबाइलवर किंवा संगणकावर, आपल्या सवडीने करायचा उपचारक्रम. त्याची सुरुवात शक्यतो फॅमिली डॉक्टरच्या सांगण्यावरून व्हावी आणि त्याच्याशी भेटीगाठी चालू राहाव्यात, असे अपेक्षित असते.

अशा तक्रारी प्राथमिक उपचारांच्या पातळीवर रोजच्याच. बऱ्याच जणांच्या आपोआप ओसरतात, काहींच्या महिनोन्‌महिने ठाण मांडतात. ‘उलगडा न झालेल्या’ हे नाव मात्र मागे पडत चालले आहे. अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने (२०१३) निदानासाठीची ‘कारण न सापडणे’ ही अट काढली. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणात ‘बॉडिली डिस्ट्रेस डिसऑर्डर’ (शारीरिक त्रासाचा विकार) हे निदान आहे. तिथेही भर असतो तो लक्षणाचा त्रास किती आणि त्यात मन किती अडकून पडले आहे, यावर. हा बदल योग्यच झाला. ‘कारण नाही’ हे शब्द रुग्णाच्या कानावर ‘तुला काही झालेलेच नाही’ असे पडतात.

त्रास खरा असतो. मुंग्यांचेच पाहा. घाबरल्यावर श्वास भरभर होतो आणि गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे रक्ताची आम्लता किंचित घटते, रक्तातले मुक्त कॅल्शियम कमी होते आणि बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. प्रयोगशाळेत रक्त द्यायला जाईपर्यंत श्वास पूर्ववत झालेला असतो. मुंग्या खऱ्या, नॉर्मल आलेला रिपोर्टही खरा. पुढच्या वेळी मात्र मुंग्या येतील की काय या धास्तीनेच श्वास वाढतो. थकव्याचे चक्र वेगळे : दुखते म्हणून पडून राहायचे, पडून राहिल्याने स्नायू ढिले पडतात, आणि मग जिना चढतानाही धाप लागते.

ही चक्रे रुग्णाला स्वतःची स्वतः ओळखता यावीत, हा या कार्यक्रमांचा गाभा. बहुतेकांचा पाया संज्ञानात्मक वर्तन उपचाराचा (सीबीटी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलून त्रास कमी करण्याच्या पद्धतीचा असतो. सुरुवातीला प्रश्नावली भरून घेतात. २००२ मध्ये आलेली पीएचक्यू-१५ ही त्यांपैकी एक. तिच्यात १५ तक्रारींना ० ते २ गुण देतात आणि एकूण ५, १० व १५ या टप्प्यांवरून त्रासाची तीव्रता ठरते. मग उत्तरांनुसार धडे : शरीर असे का वागते, श्वास, झोप, कामाची विभागणी, मनात येणारे विचार. नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातला मानसिक आरोग्य सहायक अशा कार्यक्रमावर देखरेख ठेवतो, हा प्रकार वापरून पाहिला गेला आहे. कुणी विचारपूस करणारे असले की लोक टिकतात. एकट्याने सुरू केलेले धडे अर्ध्यावर सुटतात, ही या उपचाराची सर्वांत मोठी अडचण.

नोंदवही हे त्यातले सर्वांत साधे हत्यार. बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एखाद्या काकूंच्या वहीत, उदाहरणार्थ, असे दिसेल : ‘सकाळी ७. नातवाची बस चुकली. जीव घाबरला, हाताला मुंग्या. पाणी प्यायले, बसले. १५ मिनिटांत बरे.’ चार आठवडे असे लिहिल्यावर मुंग्या नेमक्या कशाच्या पाठोपाठ येतात, ते त्यांना आपणहून दिसू लागते. दुसऱ्या कुणी ते सांगून पटत नाही. चालण्याचेही तसेच. बरे वाटले त्या दिवशी माळा आवरायला काढायचा आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरायचे, याऐवजी रोज सूरसागर तलावाची अर्धी फेरी : उत्साह असला तरी अर्धीच, नको वाटले तरी अर्धी. मात्र थोड्या श्रमानेही ज्यांची प्रकृती पुढे कित्येक दिवस ढासळते, त्यांनी हा हिशेब लावू नये. एमई/सीएफएस या थकव्याच्या आजारात ठरवून वाढवत न्यायचा व्यायाम देऊ नये, असे ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

बडोद्यात भाषेचा प्रश्न खास आहे. घरी मराठी, दवाखान्यात गुजराती. ‘मुंग्या येतात’ याला गुजरातीत ‘खाली चडे छे’ म्हणतात, आणि ‘कसंतरी होतं’ याला तर सरळ शब्दच सापडत नाही. मग ‘गभरामण’ (जीव घाबरणे) एवढेच सांगितले जाते आणि ‘बेन, रिपोर्ट बधा नॉर्मल छे’ हे ऐकून माणूस घरी येतो. लिपीचाही पेच आहे : आजीला देवनागरी वाचता येते, तर गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवाला मराठी बोलता येते, वाचताना अडखळायला होते. म्हणून इथल्या मराठी घरांसाठी लिखित धड्यांपेक्षा ऐकायचे धडे जास्त उपयोगी पडतील, आणि तेही पुस्तकी मराठीत नव्हे, तर ‘अंग मोडून येतं’, ‘डोकं जड होतं’, ‘पोटात गोळा येतो’ अशा बोलीत. राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत शेजारीशेजारी मांडणारा कोश गायकवाडांच्या याच संस्थानाने छापला होता. दुखण्याच्या शब्दांचाही तसा कोश दवाखान्यांत हवा.

परिणाम किती? मध्यम, आणि सर्वांना सारखा नाही. समोरासमोरच्या उपचाराबद्दल आपल्या शेजारचा पुरावा बोलका आहे. श्रीलंकेत आथुला सुमतिपाल व सहकाऱ्यांच्या २००० सालच्या चाचणीत सीबीटीचा फायदा दिसला. २००८ च्या चाचणीत मात्र प्राथमिक स्तरावरच्या डॉक्टरांनी दिलेली सीबीटी आणि ठरावीक भेटींची नियोजित काळजी यांत फरक आढळला नाही. सुधारणा दोन्हींकडे झाली. ठरल्या दिवशी, घाई न करता कुणी ऐकून घेणे हेच मोठे औषध असावे, असा याचा अर्थ लावता येतो. म्हणूनच मोबाइलवरचा धडा डॉक्टरच्या भेटीऐवजी नव्हे, तर दोन भेटींच्या मधल्या काळासाठी असावा.

कारण नसताना वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, रेंगाळणारा ताप, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, घामासह छातीत दुखणे, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी : यांत स्व-मदतीला जागा नाही, आधी तपासणी. एकदा ‘उलगडा न झालेली’ ठरलेली तक्रारही लक्षण बदलले की पुन्हा तपासावी लागते. घाबरण्याने किंवा उदासीने जगणे अवघड झाले असेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करून मराठीत किंवा गुजरातीत बोलता येते.