दुखापतीनंतरची घरबंद अवस्था : मानसिक बाजू

हाड मोडल्याने किंवा शस्त्रक्रियेमुळे काही आठवडे वा महिने घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा शरीराइतकाच ताण मनावर येतो. नडगीचे हाड जुळायला साधारणपणे ३ ते ४ महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. खुब्याच्या अस्थिभंगात शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर वॉकर धरून उभे करतात. पण लिफ्ट नसलेल्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची कोंडी जिना उतरता येईपर्यंत सुटत नाही.

मन पुष्कळदा वेदना ओसरल्यावर खचते. भेटायला येणारे पांगलेले असतात (त्यांनी ऐकवलेल्या, कुणाकुणाच्या बिघडलेल्या ऑपरेशनच्या कथा मात्र डोक्यात राहतात), आणि दुपारी झोप, रात्री जाग असा उलटा दिनक्रम सुरू होतो. सर्वांत जास्त बोचते ते परावलंबन. शौचाला नेण्यासाठी सुनेला किंवा मुलाला हाक मारायला नको, म्हणून अनेक वृद्ध पाणीच कमी पितात; त्यातून बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना निमंत्रण मिळते. अशा वेळी पलंगालगत ठेवलेली कमोडची खुर्ची समजुतीच्या चार शब्दांपेक्षा अधिक धीर देते.

समाधान देणारे व्यवहार तुटले की माणूस खिन्न होतो आणि खिन्नतेमुळे उरलेले व्यवहारही सोडून देतो, अशी उपपत्ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडली. तिच्या आधारे घडलेल्या उपचारपद्धतीत उत्साह येण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी ठरलेले काम करायचे असते. सकाळी कपडे बदलून खुर्चीत बसणे, मेथी निवडणे, नातवाचा अभ्यास घेणे, फिजिओथेरपीचे व्यायाम नेमाने करणे, अशी कामे त्यात बसतात. घरच्यांनी मायेपोटी ‘तुम्ही काही करू नका’ म्हणत सगळे हातातून काढून घेणे हे बरेचदा मारकच ठरते.

पलंग खिडकीपाशी हलवण्याचा सल्लाही निराधार नाही. रॉजर उलरिक यांच्या १९८४ मधील अभ्यासात, पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात खिडकीतून झाडे दिसणारे पित्ताशयाचे शस्त्रक्रिया-रुग्ण समोर भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. तुलना मात्र रुग्णांच्या २३ जोड्यांचीच होती; प्रत्येक जोडीत एकाला झाडे दिसत, दुसऱ्याला भिंत.

पुन्हा पडण्याची धास्ती हा शेवटच्या टप्प्यातील मोठा अडसर असतो. पाय टेकवायला परवानगी मिळूनही रुग्ण उंबऱ्याशी अडखळतो. सोबतीला माणूस ठेवून रोज थोडे अंतर वाढवत नेल्याने ही भीती कमी होते.

उदासी, निद्रानाश किंवा जगण्याचा कंटाळा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. आत्महत्येचे विचार येत असल्यास तेवढेही थांबू नये. शासनाच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या सेवेवर मराठीतही बोलता येते. वृद्ध रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागला किंवा माणसे ओळखेनासा झाला, तर मात्र तो मनाचा खेळ समजून बसू नये. औषधे, संसर्ग किंवा शरीरातील क्षारांचे बिघडलेले प्रमाण यांमुळे असे घडू शकते आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात.