स्वस्त एसओसी चिपची निवड (कोकण किनारपट्टी)

प्रोसेसर, ग्राफिक्स, व्हिडिओ उलगडणारा भाग आणि बाहेरच्या जोडण्या एकाच सिलिकॉनवर बसवलेली चिप म्हणजे सिस्टिम ऑन चिप, म्हणजेच एसओसी. टीव्हीला लावायची पेटी, आंब्याच्या बागेतले हवामानयंत्र, मोबाईलवरून पंप चालू करणारे किट, गणपतीचा हलता देखावा या सगळ्यांत ती असते. चिप निवडताना लोक सहसा गिगाहर्ट्झ आणि किंमत पाहतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र आधी वीज, मग हवा आणि नंतर वेग पाहावा लागतो.

स्वस्त चिपांची ढोबळ विभागणी दोन घरांत होते. एका घरात एस्प्रेसिफची ईएसपी32 (2016) किंवा रास्पबेरी पायची आरपी2040 (2021) यांसारखे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच ठरलेले काम करणारे छोटे नियंत्रक. ईएसपी32मध्ये वाय-फाय, ब्लूटूथ आणि 520 किलोबाइट रॅम असते. तिच्यावर लिनक्स ही संगणकाची नेहमीची कार्यप्रणाली चालत नाही, आणि बहुतेक कामांना त्याची गरजही नसते. दुसऱ्या घरात लिनक्स किंवा अँड्रॉइड चालवणाऱ्या चिपा येतात : ब्रॉडकॉम (रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डांत हिची चिप असते), ऑलविनर, रॉकचिप, अ‍ॅमलॉजिक, टीआय, एनएक्सपी या कंपन्यांच्या. पहिल्या घरातल्या चिपेने भागणाऱ्या कामाला दुसऱ्या घरातली घेणे, ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी हौस.

दोन्हींतला फरक बागेत उघड होतो. मोहोराच्या दिवसांत मळभ आले, दमटपणा वाढला की भुरी-करप्याची धास्ती असते. कलमांखाली तापमान आणि आर्द्रता मोजणारे यंत्र ठेवले तर फवारणी कधी करायची ते ठरवायला मदत होते. समजा, ईएसपी32 दर 15 मिनिटांनी 5 सेकंद जागी होऊन 120 मिलिअँपिअर खाते आणि उरलेला वेळ गाढ झोपते; त्या झोपेत चिपचा खप सुमारे 10 मायक्रोअँपिअर. सरासरी 0.7 मिलिअँपिअरच्या आत राहते, म्हणजे 2500 मिलिअँपिअर-तासांचा एक 18650 सेल (बोटाएवढी रिचार्ज होणारी लिथियम बॅटरी) कागदावर पाच महिने पुरतो. प्रत्यक्षात चिप बसवलेल्या तयार बोर्डावरचा लाल दिवा आणि रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) त्यातला बराच हिस्सा गिळतात, म्हणून जाणकार तो दिवा आधी उपटून टाकतात. याच सेलवर लिनक्सचा छोटा बोर्ड अर्ध्या वॅटवर चालतो असे धरले, तरी तो दिवसभरही टिकत नाही. सौर पॅनेल लावावे म्हटले तर आषाढ-श्रावणात ऊन कुठून आणायचे?

वीज नुसती पुरून चालत नाही, ती अचानक जाते तेव्हा काय होते हेही पाहावे लागते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ धडकले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली अनेक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात लाईट येत-जात राहते. लिनक्सचा बोर्ड एसडी कार्डावर लिहीत असताना वीज गेली तर फाइलप्रणाली बिघडते आणि दुसऱ्या दिवशी यंत्र उठतच नाही. ईएमएमसी (बोर्डावरच पक्की बसवलेली साठवण) असलेला बोर्ड, फक्त वाचनासाठी बसवलेली प्रणाली आणि नीट बंद होण्यापुरती छोटी बॅटरी हे त्यावरचे उपाय. मायक्रोकंट्रोलरला ही काळजी बरीच कमी. लाईट आली की तो क्षणात कामाला लागतो.

हवेचा परिणाम वरकरणी दिसत नाही, पण निवड खरी तिथेच फिरते. खाऱ्या वाऱ्याने सोल्डरचे सांधे आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. म्हणून पेटी बंद हवी, बोर्डावर संरक्षक लेप हवा. पेटी बंद म्हटली की पंखा गेला. पंखा लावलाच तर तो मीठच आत ओढतो. पंखा नाही म्हणजे कमी तापणारी चिप हवी. रास्पबेरी पाय 5च्या प्रोसेसरमधली कॉर्टेक्स-ए76 ही गाभ्याची (गणना करणाऱ्या भागाची) रचना वेगवान आहे, पण साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ती स्वतःच वेग उतरवते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या बंद पेटीत हा वेग किती वेळ मिळेल, हे विकत घेण्याआधीच विचारावे. अशा जागी जुनी, सावकाश चालणारी कॉर्टेक्स-ए53 किंवा ए7 जास्त काम देते.

मल्टिमीडियाचा हिशेब वेगळा. तिथे गाभे किती यापेक्षा कोणता कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत (एच.264, एच.265, व्हीपी9 वगैरे), हार्डवेअरमध्ये उलगडतो हे महत्त्वाचे. रास्पबेरी पाय 4 (2019) एच.265चा 4के व्हिडिओ हार्डवेअरवर दाखवतो, पण यूट्यूबवर सर्रास असलेला व्हीपी9 नाही. पाय 5मधून (2023) एच.264चा हार्डवेअर डिकोडरच वगळला आहे; ते काम प्रोसेसर करतो. अ‍ॅमलॉजिकची एस905एक्स एच.265 आणि व्हीपी9 दोन्ही पेलते. दशावताराचे मोबाईलवर घेतलेले चित्रण देवळाच्या सभामंडपात दाखवायचे असेल तर फाइल कोणत्या कोडेकमध्ये आहे ते आधी पाहावे. घरगुती निवासात पाहुण्यांसाठी पेटी घेणाऱ्यांनी वाइडवाइन एल1 प्रमाणपत्र (सशुल्क व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या प्रणालीची वरची पातळी) तपासावे. ते नसले तर चिप 4केची असूनही सशुल्क मालिका धूसरच दिसतात. अगदी स्वस्त, बिननावाच्या अँड्रॉइड पेट्या टाळलेल्या बऱ्या; 2023मध्ये अशा काही पेट्यांत विक्रीआधीच मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) भरलेले आढळले होते.

किमतीत न दिसणारा खर्च म्हणजे सॉफ्टवेअर. ऑलविनर-रॉकचिपच्या चिपा स्वस्त, पण उत्पादकाने दिलेले कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) अनेकदा जुने आणि अर्धवट. ऑलविनरला मुख्य लिनक्समध्ये आणण्याचे बरेचसे श्रेय लिनक्स-सन्क्सी या हौशी समुदायाचे. एनएक्सपी निवडक चिपा किमान 10, काही 15 वर्षे पुरवण्याची हमी देते. बंदरावरच्या बर्फ कारखान्यासारख्या ठिकाणी एकदा बसवून विसरायच्या यंत्राला हे पैसे देणे परवडते. 2021च्या चिपटंचाईत रास्पबेरी पाय मिळेनासे झाले आणि एकाच बोर्डाला बांधून घेतलेली कामे अडकली. कोकणात सुटे भाग बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुरियरने येतात. त्यामुळे देखाव्याचा बोर्ड चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात जळला, तर मुंबईहून येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याला गाठून त्याच्या सामानातून दुसरा मागवावा लागतो, आणि त्याला सहज सापडेल असा बोर्ड बहुतेक वेळा ईएसपी32चाच असतो.