आबांची दुनळी माझ्या परवान्यावर कशी आली

आबा, माझे नेमबाजीचे वस्ताद, गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मला बाजूला घेऊन सांगितलं, "बंदूक तुम्हालाच द्यायची, असं आबा सांगून गेलेत." त्या वेळी मला बोलवेना. त्याच संध्याकाळी ती दुनळी रीतसर पावती घेऊन परवानाधारक बंदूकवाल्याच्या दुकानात जमा झाली. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, की आबांनी स्वतःच्या तोंडाने दिलेली वस्तू घरी यायला इतके महिने कसे लागले? त्याची ही पार्श्वभूमी.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. माणूस गेला की बंदूक घरात ठेवण्याचा हक्कही संपतो. १९५९च्या शस्त्र कायद्याचं एकविसावं कलम सांगतं, की अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी. पुढे वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. पण २०१६च्या नियमांतले वारस म्हणजे मुलगा-मुलगी, सून-जावई, भाऊ-बहीण अशी रक्ताची नाहीतर सोयरिकीची माणसं. शिष्य त्यात कुठेच बसत नाही. तालमीत वस्ताद आपला फेटा पठ्ठ्याच्या डोक्यावर ठेवू शकतो, बंदुकीचं तसं नाही. त्यामुळे हक्क ताईचा होता. तिने प्रशासनाला लेखी कळवून बंदूक माझ्या परवान्यावर द्यायची, हा एकच सरळ रस्ता. अशा हस्तांतरात कळवल्यापासून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. त्यात २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, वारशाने आलेलीही त्यातच मोजतात. माझ्या नावावर एक रायफल आधीपासून होती. म्हणजे जागा उरली होती बरोबर एक.

हा कडकपणा आजकालचा नाही. ३१ जुलै १८५७च्या रात्री कोल्हापुरात २७व्या पलटणीचे शिपाई उठले. उठाव मोडल्यावर महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं. त्याआधी १८४४ला सामानगड-भुदरगडच्या गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ल्यांच्या राखणदारांनी, इंग्रजांना घाम फोडला होताच. १८५७नंतर देशभर हत्यारं काढून घेतली गेली आणि लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ला, शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट, हा त्यातला अपमान लोकांना फार बोचला. १९५९च्या कायद्याने तो भेद संपवला, परवाना मात्र राहिला. आणि तो राहायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आबाही तेच म्हणत.

कोल्हापूरचं बंदुकीशी नातं मात्र शिकारीतून आलेलं. काळविटावर पाळीव चित्ते सोडायची इथली राजेशाही शिकार प्रसिद्ध होती. त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणले जात. दाजीपूरचं रान महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ला ते गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. रानालगतच्या गावांत उरली ती पीक राखायची बंदूक. आबांच्या वडिलांनी ही दुनळी घेतली ती राधानगरीकडच्या शेतासाठीच. रात्री हवेत बार काढला की डुकरं पळायची.

आबांनी मात्र ती नेमबाजीकडे वळवली. शिकवताना त्यांचा पहिला धडा ठरलेला होता: हातात आली की बंदूक मोडायची, म्हणजे नळ्या खाली वाकवून उघडायची, दोन्ही नळ्यांतून उजेड बघायचा, मग दुसरं बोलायचं. नळ्यांच्या बुडाशी, एरवी झाकल्या जाणाऱ्या सपाट भागावर, बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के आहेत. मुकुट, आणि त्याखाली 'एनपी'. म्हणजे बिनधुराच्या दारूला ही नळी तपासलेली आहे. शेजारी कोठीची, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाची, लांबी कोरलीय, अडीच इंच. आबा मला त्या खुणा बोटाने वाचायला लावत. "ही बंदुकीची जन्मपत्रिका," म्हणत. अडीच इंची कोठीत सत्तर मिलिमीटरचं काडतूस सहज बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून खडकीच्या कारखान्यातलं 'शक्तिमान' काडतूस असलं, तरी डब्यावरचा आकडा वाचल्याशिवाय ते हात लावू देत नसत. दस्ता अक्रोडाचा. गाल टेकायच्या जागी पॉलिश पार गेलंय. तिथे बापलेकांचे गाल साठ-एक वर्षं टेकले आहेत.

आज कोल्हापूर म्हटलं की नेमबाजी आठवते. २०१०ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, आणि २०२४ला पॅरिसहून राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे कांस्य घेऊन आला. तो सामना आबांनी माझ्याशेजारी बसून पाहिला. स्वप्नील खाली झोपून नेम धरत होता, तेव्हा आबांनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता.

निवडणुका आल्या की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची, हे आता माझ्याकडे. परवान्याचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. आबांच्या जुन्या पावत्या ताईने सुतळीने बांधून दिल्यात, त्या मी तशाच ठेवल्या आहेत.

खंडेनवमीला ताई घरी आली. मी कपाट उघडलं. तिने आधी बंदूक मोडली, दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे उजेड बघितला आणि मग हळदकुंकू लावलं.