लांडाऊ म्हणाला दिसणार नाही, आणि त्याच वर्षी लायडनला दिसलं

मॅग्नेटिक फील्ड आणि क्वांटम म्हटलं की बरेच जण डायरेक्ट 1980 च्या क्वांटम हॉल इफेक्टवर (जोरदार फील्डमध्ये रेझिस्टन्स पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो तो) जातात, पण हे प्रकरण त्याच्या 50 वर्षं आधी सुरू झालंय. 1930 मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊनं दाखवलं की जोरदार फील्डमध्ये गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला वाट्टेल ती एनर्जी घेता येत नाही, ठरावीक लेव्हलच असतात. फील्ड वाढवत नेलं की या लेव्हल एकेक करून वर सरकत रिकाम्या होतात, आणि मग धातूचं चुंबकत्वही कमीजास्त होत राहायला हवं. हे त्याला कळलं होतं बरं का, पण तेवढं एकसारखं फील्ड प्रयोगात मिळणार कुठून, म्हणून ते दिसणार नाही असं लिहून साहेब मोकळे!

इकडे नेदरलँड्समध्ये लायडनच्या लॅबमध्ये डी हास आणि व्हान आल्फेन यांना बिस्मथ या धातूत अगदी हेच दिसलं, साधारण 14 केल्विन इतक्या कडाक्याच्या थंडीत, आणि लेव्ह शुबनिकोव्ह आणि डी हास यांना बिस्मथच्याच रेझिस्टन्समध्ये तसेच चढउतार सापडले, तेही 1930 मध्येच. माझ्या मते खरं श्रेय क्रिस्टलला. अशुद्ध धातूत इलेक्ट्रॉन एक फेरी पुरी व्हायच्या आतच धडकतो, आणि शुबनिकोव्ह लेनिनग्राडहून शुद्ध क्रिस्टल वाढवायची कला शिकून आलेला. शिवाय बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन लाखभर अणूंमागे एखादाच, त्यामुळे चढउतार ऐसपैस, कमी फील्डलाही दिसतात. (शुबनिकोव्ह नंतर सोव्हिएत युनियनमध्ये परतून खारकीव्हला गेला आणि 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीत खोट्या आरोपांवरून त्याला गोळ्या घातल्या. जेमतेम 36 वर्षांचा होता.)

पायर्ल्सनं 1933 मध्ये थिअरीचा मेळ घातला, तरी बरीच वर्षं ही बिस्मथचीच खोड समजली जायची, 1947 मध्ये झिंकमध्ये तेच दिसेपर्यंत. मग 1952 मध्ये ऑनसागरनं दोन-तीन पानांत सांगितलं की चढउतारांच्या फ्रिक्वेन्सीवरून फर्मी सरफेसच्या (इलेक्ट्रॉनांच्या संवेगाच्या नकाशात भरलेल्या आणि रिकाम्या जागांमधली सीमा) छेदाचं क्षेत्रफळच मिळतं, म्हणजे क्रिस्टल फिरवत मोजत गेलं की आतल्या इलेक्ट्रॉनांचा नकाशा हातात! तांब्यात मात्र इलेक्ट्रॉन भरपूर, चढउतार एकमेकांना चिकटलेले, म्हणून केंब्रिजच्या शोनबर्गनं क्षणभरच टिकणारं पण जबरदस्त फील्ड वापरलं आणि 1959 मध्ये तांबं, चांदी, सोनं तिन्हींमध्ये ते पकडलं.