ताडोब्याचं बफर म्हणजे पैसे वाया?

‘कोअरचं बुकिंग मिळालं नाही तर ताडोबा रद्द करा, बफरमध्ये फक्त हरणं दिसतात’ हा सल्ला चुकीचा आहे. कोअर म्हणजे व्याघ्रप्रकल्पाचा आतला गाभा, बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा. पण ही रेघ कागदावरची. तिथे कुंपण नाही. आईपासून सुटलेले तरुण वाघ स्वतःचा इलाखा शोधत बफरमध्येही येतात. आगरझरी, जुनोना, अलीझंजा या बफरच्या गेटांच्या भागात वाघ दिसतात. खात्री मात्र कोअरमध्येही नाही.

खरी चूक होते ती गेट निवडताना. चंद्रपूरहून मोहर्ली जवळ, नागपूरहून कोलारा. मुक्काम एकीकडे आणि सफारी दुसरीकडे घेतलीत, तर पहाटे जंगलाला बाहेरून लांबचा वळसा पडतो आणि सफारीची वेळ हुकते. म्हणून आधी गेट, मग हॉटेल. मंगळवारी कोअर बंद, १ जुलै ते ३० सप्टेंबरही. पावसाळ्यात बफरची काही गेटं चालू असतात.