टेस्ट सेन्सिटिव्ह करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

जुलै लागला, लावणी जोरात आली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या लॅबमध्ये तापाचे पेशंट वाढतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन नावं ठरलेली असतात, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. लेप्टोचा जंतू उंदरांच्या लघवीतनं चिखलात येतो आणि पायाला भेग असली, कापलेलं असलं की तिथनं आत शिरतो, आता दिवसभर चिखलात उभं राहून तरवा लावणाऱ्याच्या पायाला भेगा नसतील तर कोणाच्या असणार!

त्याचं रॅपिड कार्ड बघा. पाऊच फाडला की आत पट्टी आणि सिलिका जेलची पुडी. ती पुडी उगाच नाही दिलेली, पट्टी नायट्रोसेल्युलोजची असते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती ओल धरते, मग सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी) तिच्यावर नीट सरकत नाही, म्हणून पाऊच आधीपासून फोडून ठेवायचा नाही. सिरमचा थेंब टाकला, वर बफर, म्हणजे किटमधलं द्रावण, टाकलं की लालसर रंग हळूहळू पुढे जातो (बऱ्याच किटमध्ये हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो बरं का), कंट्रोलची रेघ, म्हणजे कार्ड चाललं याची खूण, उठते, आणि टेस्टच्या जागी काहीतरी आहे असंही वाटतं, नाही असंही वाटतं. मग कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघणं आलं. किटवर दिलेली वेळ उलटल्यावर पट्टी सुकताना खोटी रेघ पण दिसू शकते, त्यामुळे तासाभराने "आली बघा आली" म्हणण्यात काही अर्थ नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की ही रेघ गडद केली की झाली टेस्ट सेन्सिटिव्ह, म्हणजे अगदी थोडं असलं तरी पकडणारी. अर्धंच खरं आहे ते. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव रंगात आलाय आणि कोणी तुम्हाला हाक मारतंय, तर ऐकू यायला दोनच मार्ग, एकतर त्याने अजून बोंबलायचं नाहीतर लिलाव गप्प करायचा. लॅबमध्ये खरी मेहनत या दुसऱ्या मार्गावर जाते. कारण ज्यात काहीच नाही अशा ब्लँक सॅम्पलमध्येसुद्धा थोडा सिग्नल येतोच, आणि दर वेळी थोडा कमीजास्त येतो. मग बरेच ब्लँक चालवायचे, त्यांची सरासरी काढायची, त्यात त्या कमीजास्तपणाची, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनची, तिप्पट मिळवायची आणि ढोबळमानाने त्याच्या वर जे येईल तेच सापडलं म्हणायचं. सिग्नल दुप्पट केला आणि ब्लँकचा गोंधळही दुप्पट झाला तर कमाई शून्य.

१९७१ मध्ये स्टॉकहोमला एंगवॉल आणि पर्लमन या संशोधकांनी एलायझा नावाची टेस्ट काढली, तिच्यात प्लेटला चिकटवलेली अँटीबॉडी (ठरावीक गोष्टीलाच चिकटणारं प्रोटीन) आपल्याला शोधायचं ते प्रोटीन पकडते आणि मग एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी रंग आणते. पण ही दुसरी जिथे रिकामी जागा मिळेल तिथे उगाचच चिकटते. म्हणून आधी बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) नाहीतर चक्क दुधाची पावडर घालून मोकळी जागा भरून टाकायची आणि मधे मधे नीट धुवायचं. धुण्यात आळस केला की महागातलं महाग किट पण वाया, हे कोणताही टेक्निशियन सांगेल.

साधी एलायझा साधारण पिकोमोलरपर्यंत जाते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ६० कोटी रेणू असले तर सापडणार! एवढी गर्दी लागते कारण सगळा रंग एकत्र मोजला जातो. २०१० साली अमेरिकेत डेव्हिड वॉल्ट यांच्या टीमने यावर भारी युक्ती दाखवली, त्यांनी अँटीबॉडी लावलेले चुंबकीय मणी रेणूंपेक्षा खूप जास्त घातले, त्यामुळे एका मण्यावर एक रेणू नाहीतर काहीच नाही, मग प्रत्येक मणी ५० फेम्टोलिटरच्या खड्ड्यात बसवला. एक मिलीलिटरमध्ये असे २ हजार कोटी खड्डे मावतील. एवढ्याशा जागेत एकाच एन्झाइमचा उजेडही दिसतो, मग उजेड किती आहे ते मोजायचं नाही, पेटलेले खड्डे नुसते मोजायचे. तरीसुद्धा उगाच चिकटलेली अँटीबॉडी इथेही खड्डा पेटवतेच, ती काही सुटत नाही.

आता पुन्हा आपल्या लेप्टोकडे. इथे मशीन कितीही भारी आणा, कार्ड जंतू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीर बनवतं ती आयजीएम नावाची अँटीबॉडी शोधतं, आणि ती शरीरात तयारच व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, तापाच्या दुसऱ्या दिवशी कार्ड निगेटिव्ह आलं तर दोष कार्डाचा नाही. कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह म्हणायची रेषा, खाली ओढून जास्त पकडू म्हटलं तर दुसरीकडे बोंब. समजा १००० तापकरी आहेत, त्यातल्या २० जणांना खरंच लेप्टो आहे आणि टेस्ट निरोग्यांमधल्या ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर नुसते खोटे पॉझिटिव्हच ४९ झाले, खऱ्यांच्या दुपटीहून जास्त.

पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो, तेव्हा उपयोगाची पीसीआर, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून शोधणारी टेस्ट. त्याचा डीएनए दर फेरीत दुप्पट, ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींवर, अर्थात सगळं आदर्श चाललं तर. सॅम्पल मात्र ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये द्यावं, हेपरिनच्या हिरव्या नको, हेपरिन पीसीआरला अडवतं. आणि इतकी वाढ झाली की मागच्या सॅम्पलचा हवेत उडालेला कणसुद्धा पुढच्याला पॉझिटिव्ह करू शकतो, म्हणून मिक्स बनवायची खोली वेगळी, डीएनए घालायची वेगळी, आणि प्रत्येक रनला एका ट्यूबमध्ये सॅम्पलऐवजी नुसतं पाणी. ते पाणी पॉझिटिव्ह आलं तर त्या रनचा एकही पॉझिटिव्ह रिपोर्ट द्यायचा नाही, बाहेर नातेवाईक कितीही वेळ थांबलेले असोत.