कामगार हक्क धोरण (नागपुरातील उद्योग)

कामगाराला माणूस म्हणून कसे वागवायचे, याबद्दल कंपनीने स्वतःवर लेखी घालून घेतलेले बंधन म्हणजे कामगार हक्क धोरण. वेतन, कामाचे तास, सुरक्षितता, संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य, बालमजुरीला व वेठबिगारीला मनाई, तसेच जात, लिंग, धर्म किंवा अपंगत्व यांवरून भेदभाव न करणे हे विषय त्यात येतात. नाव अलीकडचे असले तरी नागपुरात ही गोष्ट जुनी आहे.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. कामगार बहुतेक गावाकडचे. पेरणी, सुगी, लग्नसराई आली की हजेरी घसरे. दंड करण्याऐवजी टाटांनी माणूस टिकेल अशा सोयी केल्या. 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि 1895 मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. सूतखात्यात हवा ओलसर ठेवणारी यंत्रे आणि आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले. देशात कामगार भरपाईचा कायदा व्हायला 1923 साल उजाडले, यावरून या पावलाचे मोल कळते. ही मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली.

जातीचा प्रश्न मात्र सोयींनी सुटणारा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत. धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची सबब पुढे केली जाई. जास्त मजुरीचे काम असे हातून जाई. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय वेशीवर टांगला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्यासाठी ते झटले. 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. आज समावेशनावर, म्हणजे सर्वांना सामावून घेण्यावर, बोलताना हा इतिहास गाळला, तर त्या शब्दाचा अर्थच हरवतो.

वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या खाण कंपन्यांची मुख्यालये नागपुरात आहेत. खाणीत बायकांना जमिनीखाली कामाला मनाई होती. जानेवारी 2019 मध्ये केंद्राने तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांसाठी ती शिथिल केली. त्यासाठी कामगार महिलेची लेखी संमती आणि एका वेळी किमान तिघी असण्याची अट तेव्हा होती.

संयुक्त राष्ट्रांनी 2011 मध्ये व्यवसाय व मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भारतात बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून याविषयीचा तपशील वार्षिक अहवालात देणे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सक्तीचे केले. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हे 2013 च्या कायद्याने आधीच बंधनकारक आहे.

खरी कसोटी ठेकेदारी कामगारापाशी लागते. नागपूरजवळच्या हिंगणा वा बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यात माल चढवणारा, झाडलोट करणारा माणूस बहुधा कंपनीच्या पटावर नसतो. धोरणाची प्रत त्याच्या हाती क्वचितच पडते, आणि तक्रार करायची तर आधी ठेकेदाराचा मुकादम आडवा येतो. तरी 1970 च्या ठेका कामगार कायद्याने एक गोष्ट पक्की केली होती: ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीने, द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची.